उत्तर स्कॉटलंडची दीपगृहं : पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

माझं बिऱ्हाड ॲबर्डीनला आहे. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात. किल्ले बघून होतात, व्हिस्कीची भट्टी बघून होते, आणि मग मी त्यांना उत्तरेच्या किनाऱ्यावर दीपगृहं बघायला नेते. पहिल्या दिवशी कुरकुर असते, "दिवाच तो, त्यात काय बघायचं?" तिसऱ्या दिवशी मात्र गाडीत प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली.

दीपगृह म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा उजेड, एवढंच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाकलेला बरा. दीपगृहाच्या उजेडात जहाजाला काहीही दिसत नाही. दिवा फक्त स्वतःचं नाव सांगतो. काळोखात एक ठिपका लुकलुकला, तर खलाशाला तो कुठला हे कळायला हवं. ते कळलं नाही तर दिवा नसलेला परवडला, कारण चुकीचा दिवा ओळखून वळलेलं जहाज थेट खडकावर जातं.

म्हणून प्रत्येक दिव्याची चाल वेगळी ठेवतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांतल्या नॉर्थ रोनाल्डसेचा दिवा दर १० सेकंदांनी एकदा चमकतो. त्याच्या शेजारच्या सँडे बेटावर स्टार्ट पॉइंट आहे, तो २० सेकंदांत दोनदा. पेंटलंड स्केरीज ३० सेकंदांत तीनदा. केप रॅथ ३० सेकंदांत चारदा. शेजारी-शेजारी एकच चाल येणार नाही एवढं बघायचं. लांबच्या दोन दिव्यांची चाल जुळली तरी बिघडत नाही, कारण ते एका रात्रीत एकाच जहाजाला गोंधळात टाकत नाहीत.

फिरते, म्हणजे झोत फिरवून चमका देणारे दिवे येण्याआधी ही ओळख पटवणं भलतंच अवघड होतं. सगळे दिवे स्थिर, सगळे सारखे. १७९४ मध्ये पेंटलंड स्केरीजवर दिवा लावायचा होता तेव्हा उपाय काढला तो असा की एकाऐवजी दोन मनोरे बांधायचे. दोन ठिपके एकत्र दिसले की समजायचं, हे स्केरीज. शंभरेक वर्षं ते दोन्ही दिवे जळत होते.

लहानपणी रत्नागिरीला मामाच्या अंगणातून मीही दिव्याच्या चमका मोजायचे. का मोजतेय ते माहीत नव्हतं. ते इथे येऊन कळलं.

पण एवढी दीपगृहं याच किनाऱ्यावर का?

नकाशा बघा. बाल्टिक समुद्रातून किंवा हॉलंडकडून अमेरिकेला निघालेल्या जहाजाला इंग्लिश खाडी टाळायची असेल तर स्कॉटलंडच्या डोक्यावरून वळसा घालावा लागतो. युद्धाच्या काळात ती खाडी टाळण्याची वेळ वारंवार येई. आणि डोक्यावर आहे पेंटलंड फर्थ, मुख्य भूमी आणि ऑर्कनी यांच्यामधली सामुद्रधुनी. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, दोघांच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे मधल्या चिंचोळ्या वाटेतून पाणी नदीसारखं धावतं. वेग १० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटरच्या, वर जातो. शिडाचं जहाज त्यापुढे काय करणार?

तरीही १७८६ पर्यंत या सगळ्या पट्ट्यात दिवा म्हणावा असं काही नव्हतं. त्या वर्षी संसदेनं कायदा करून उत्तरेकडच्या दीपगृहांसाठी आयुक्त नेमले. तीच संस्था आज नॉर्दर्न लाइटहाऊस बोर्ड म्हणून काम करते. पहिल्या कायद्यात फक्त चार दिवे मंजूर झाले होते. त्यातलं पहिलं १७८७ मध्ये फ्रेझरबर्गच्या किनेर्ड हेडवर लागलं. नवा मनोरा बांधायचा खर्च वाचवायला त्यांनी सोळाव्या शतकातल्या एका जुन्या वाड्याच्या माथ्यावरच कंदील, म्हणजे दिव्यांभोवतीची काचेची खोली, बसवला, आत देवमाशाच्या तेलाचे १७ दिवे. काटकसर ही स्कॉटिश लोकांची ख्याती उगाच नाही.

खर्च कोण करतं?

जहाजं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून दीपशुल्क घेतात, जहाजाच्या आकारमानानुसार. टोलनाक्यासारखंच, फक्त इथे रस्ता दिसत नाही.

सगळीकडे स्टीव्हन्सन, स्टीव्हन्सन हेच नाव कसं?

कारण सुमारे दीडशे वर्षं हे काम एकाच घराण्यात राहिलं. सुरुवात झाली टॉमस स्मिथ या एडिनबराच्या पत्र्याच्या कारागिरापासून. शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे तो बनवायचा, म्हणून बोर्डानं त्यालाच अभियंता केलं. त्यानं रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या विधवा आईशी लग्न केलं. पुढे रॉबर्टनं स्मिथच्या आधीच्या लग्नातल्या मुलीशी लग्न केलं. म्हणजे रॉबर्टचा सावत्र बाप, सासरा आणि धंद्यातला गुरू एकच माणूस. हे समजावताना माझ्या आत्याला मला कागदावर वंशवेल काढून दाखवावी लागली होती.

रॉबर्टचे तीन मुलगे ॲलन, डेव्हिड आणि टॉमस, नंतर डेव्हिडचे मुलगे, सगळे याच कामात. बंड केलं ते टॉमसच्या मुलानं. तो एडिनबरात अभियांत्रिकी शिकत होता, वडिलांबरोबर या बेटांवरून फिरलाही, आणि मग सांगून टाकलं की मला लिहायचंय. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हा.

माझं मत विचाराल तर या घराण्यातला खरा कलावंत ॲलन. फ्रान्समध्ये ऑगस्टँ फ्रेनेलनं १८२२ मध्ये नव्या तऱ्हेचं भिंग काढलं होतं. फ्रेनेल तरुणपणीच वारला, पण ॲलन फ्रान्सला जाऊन त्याच्या भावाकडून ते तंत्र शिकून आला. विक गावाजवळच्या नॉस हेडवर १८४९ मध्ये त्यानं कंदिलाच्या काचा धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या उभ्या न लावता तिरक्या लावल्या. उभी पट्टी एका दिशेचा उजेड वरपासून खालपर्यंत अडवते, तिरकी थोडा थोडा सगळीकडचा अडवते, म्हणून कुठलीच दिशा अंधारात जात नाही. नंतरच्या दीपगृहांवर शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा दिसतात त्या यामुळे.

दिवे लागल्यावर बेटांवरच्या लोकांना आनंद झाला असेल?

सगळ्यांना नाही. सँडे हे सपाट बेट, समुद्रातून दिसतच नाही, त्यामुळे तिथे जहाजं सारखी फुटायची. फुटलेल्या जहाजाचा माल किनाऱ्यावर लागायचा. झाडं नसलेल्या बेटावर लाकूड म्हणजे सोनं. रॉबर्ट स्टीव्हन्सननं लिहून ठेवलंय की या बेटांवर त्याला कुंपणं दिसली ती महोगनी आणि देवदाराची, फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांची. दारू वाहून नेणारं जहाज फुटलं तेव्हा लोक जवाच्या पेजेबरोबर लाल फ्रेंच वाइन घेत होते. नुसती कल्पना करा, पेज आणि वाइन.

एका नावाड्याच्या होडीचं शीड फाटकं का, असं त्यानं विचारलं. नावाडी म्हणाला, देवाच्या मनात असतं आणि तुम्ही दिवे घेऊन इकडे आला नसतात, तर आमची शिडं याहून बरी असती. यात खुनशीपणा शोधू नये असं मला वाटतं. हे लोक जहाजं मुद्दाम फोडत नव्हते, बुडणाऱ्या माणसांना हेच लोक वाचवायचे. पण समुद्रानं आणून टाकलेलं आपलं, हा त्यांचा हिशेब होता. कोकणात वाऱ्यानं पडलेला शेजाऱ्याचा आंबा कुणाचा, हा वाद ज्यानं ऐकलाय त्याला हे परकं वाटणार नाही.

त्याच सँडेवर १८०६ मध्ये स्टार्ट पॉइंटला स्कॉटलंडमधला पहिला फिरता दिवा लागला. तो लागल्यावर शेजारच्या नॉर्थ रोनाल्डसेचा जुना स्थिर दिवा अनावश्यक ठरला. १८०९ मध्ये तो विझवला आणि त्याच्या डोक्यावर कंदिलाच्या जागी दगडी गोळा बसवला. तो गोळा अजून तिथे आहे. पुढे बेटाला दिवा हवाच असं ठरलं आणि १८५० च्या दशकात शेजारी ॲलनच्या आराखड्याचा ४२ मीटरचा विटांचा मनोरा उभा राहिला. ब्रिटनमध्ये जमिनीवर उभं असलेलं याहून उंच दीपगृह नाही.

आत राहणारे लोक दिवसभर करायचे काय?

कोकणात राखणदार म्हटलं की वेशीवरचा देव डोळ्यांपुढे येतो. इथला राखणदार पगारी, गणवेशातला, आणि नियमांनी जखडलेला.

साधारण तीन माणसं असत, रात्रीच्या पाळ्या चार-चार तासांच्या. पाळीवर झोप म्हणजे नोकरीवर पाणी. फिरतं भिंग घड्याळासारख्या यंत्रानं फिरे, त्याला वजन लटकवलेलं असे. वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे आणि ते तळाला लागायच्या आत हातानं रहाटासारखं फिरवून वर ओढायचं. काही ठिकाणी दर अर्ध्या तासानं. पुढे टनावारी वजनाची भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवू लागले, मग बोटानं ढकललं तरी फिरत.

दिवसा भिंग पुसायचं, पितळ घासायचं, रंग द्यायचा, तेल वर चढवायचं. आधी देवमाशाचं तेल, मग मोहरीच्या जातीतल्या एका बीचं, मग रॉकेल. रॉकेल आल्यावर उजेड वाढला आणि खर्च घटला. किनेर्ड हेडच्या संग्रहालयात ही सगळी पितळी चकचकीत यंत्रं आहेत. माझ्या आईनं ती बघून एकच शेरा मारला होता, "एवढं घासायला बाई लागत नव्हती?"

बाई होतीच. जमिनीवरच्या दीपगृहांत बायकामुलं सोबत राहत. खडकावरच्या दीपगृहांत ती सोय नव्हती, तिथल्यांचे संसार दूर किनाऱ्यावरच्या वसाहतीत. ऑर्कनीच्या पश्चिमेला भर समुद्रात सुल स्केरी आहे, तिथल्या माणसांची कुटुंबं स्ट्रॉमनेस गावात असायची. आणि सोबत राहणंही नेहमी सुरक्षित नव्हतं. ऑर्कनी आणि शेटलंड बेटांच्या मधल्या फेअर आइलवर, फेअर आइल साउथच्या दीपगृहावर, दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी दोनदा हल्ला केला. डिसेंबर १९४१ मध्ये एका राखणदाराची बायको गेली, जानेवारी १९४२ मध्ये दुसऱ्याची बायको आणि मुलगी.

ते तीन राखणदार गायब झाले ती गोष्ट खरी आहे का?

गायब झाले हे खरं. बाकी बरंचसं नंतर चिकटलेलं.

फ्लॅनन बेटं लुईस बेटाच्या पश्चिमेला आहेत, म्हणजे आपल्या वाटेपासून दूर, पण हा प्रश्न चुकत नाही. तिथला दिवा डिसेंबर १८९९ मध्ये लागला. वर्षभरानं, १५ डिसेंबर १९०० च्या रात्री जवळून गेलेल्या एका जहाजाला तो दिसला नाही. बदलीची माणसं घेऊन जाणारी बोट २० तारखेच्या सुमारास पोहोचायची होती, खराब हवेमुळे ती २६ तारखेला पोहोचली. जेम्स ड्यूकॅट, टॉमस मार्शल आणि डोनल्ड मॅकार्थर यांपैकी कुणीही नव्हतं. पाटीवरची शेवटची नोंद १५ तारखेच्या सकाळची होती.

अर्धवट जेवलेलं ताट आणि कलंडलेली खुर्ची तुम्ही ऐकली असेल. ती १९१२ च्या एका इंग्रजी कवितेतली आहे. प्रत्यक्षात स्वयंपाकघर आवरलेलं होतं, भांडी घासलेली होती, दिवा पुसून तेल भरून तयार होता. तीनपैकी एकाचा मेणकापडी कोट मात्र खुंटीलाच होता, म्हणजे तो तसाच बाहेर धावला होता. पश्चिमेच्या धक्क्यावर समुद्रापासून ३० मीटरहून अधिक उंचीवरचं सामान लाटांनी उधळलेलं, लोखंडी कठडे वाकलेले. बोर्डाच्या अधिकाऱ्यानं चौकशी करून निष्कर्ष काढला की दोरखंड वाचवायला गेलेल्यांना लाटेनं ओढून नेलं. मला हेच पटतं. त्या घासलेल्या भांड्यांपुढे मला भुताची गरज वाटत नाही.

सगळ्यांत उत्तरेचं दीपगृह कुठलं?

मकल फ्लगा, ऑर्कनीच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंडमधल्या अन्स्ट बेटाच्याही पलीकडच्या एका सुळक्यावर. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमार या बाजूनं ये-जा करणार म्हणून घाईघाईनं ऑक्टोबर १८५४ मध्ये तात्पुरता दिवा लावला. खडक ६० मीटर उंच, तरी पहिल्याच हिवाळ्यात लाटांचं पाणी राखणदारांच्या खोलीत शिरलं. मग डेव्हिड आणि टॉमस स्टीव्हन्सन यांनी पक्का मनोरा बांधला, तो १ जानेवारी १८५८ ला सुरू झाला. नाव तेव्हा नॉर्थ अन्स्ट होतं, मकल फ्लगा हे १९६४ पासून. वर जाता येत नाही, समोरच्या हरमनेसच्या कड्यावरून बघायचं.

मुख्य भूमीचं उत्तर टोक म्हणून लोक जॉन ओ'ग्रोट्सच्या पाटीपाशी फोटो काढतात. टोक ते नव्हेच. ते डनेट हेड, गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. तिथे रॉबर्टचं १८३१ चं दीपगृह आहे. दीपगृहाच्या खिडक्या शंभरेक मीटर उंचीवर, तरी वादळात लाटांबरोबर उडालेल्या दगडांनी त्यांच्या काचा फुटल्याचं सांगतात.

आता आत कोण असतं?

कुणीच नाही. शेवटचं माणसांचं दीपगृह फेअर आइल साउथ, तेही ३१ मार्च १९९८ ला स्वयंचलित झालं. आता सगळ्यांवर एडिनबराच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या कचेरीतून लक्ष ठेवतात. त्या कचेरीच्या दारावर दीपगृहाची छोटी प्रतिकृती आहे, तिचा दिवाही चमकतो. धुक्यातले भोंगे २००५ मध्ये बंद झाले. शेटलंडच्या सम्बर्ग हेडवरचा एक दुरुस्त करून ठेवलाय, तो अधूनमधून वाजवतात. गाईच्या हंबरण्याची शंभरपट कल्पना करा.

जीपीएस असताना दिव्यांची गरज काय?

जीपीएसचा संदेश उपग्रहावरून फार क्षीण होऊन पोहोचतो, तो अडवता किंवा बिघडवता येतो. डोळ्यांनी दिसलेला दिवा अडवता येत नाही. तरी काही दिवे बंद झालेच. स्ट्रॅथी पॉइंट १९५८ चं, सुरुवातीपासून विजेवर चालणारं. २०१२ मध्ये ते विझवलं.

आपल्याकडच्या दीपगृहांशी काही नातं?

थोडं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ॲलननं भर समुद्रातल्या खडकावर स्केरीव्होर बांधलं, ते १८४४ मध्ये उजळलं. त्याचा नमुना समोर ठेवून ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ अल्ग्वाडा खडकावरचं दीपगृह १८६५ मध्ये पूर्ण झालं. तो प्रदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होता. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे पाण्यात उभं असलेलं प्राँग्ज १८७५ चं. ते स्टीव्हन्सनांचं नव्हे, पण लाटांच्या माऱ्यात उभा राहणारा तळाशी रुंद, वर निमुळता दगडी मनोरा म्हणजे काय, हे ज्याला इकडे यायला जमत नाही त्यानं तिथे बघावं.

चारच दिवस आहेत, कुठली बघू?

किनेर्ड हेड पहिलं, कारण आत जाऊन सगळं समजून घेता येतं आणि ॲबर्डीनहून तासाभराचा रस्ता आहे. मग नॉस हेड, डनेट हेड. केप रॅथला जायचं तर एक दिवस राखून ठेवा. १८२८ चं ते दीपगृह वायव्य टोकावर आहे. आधी छोट्या होडीनं खाडी ओलांडायची, मग खडबडीत रस्त्यानं मिनीबस, सुमारे ११ मैल. ही सोय उन्हाळ्यातच असते, आणि मधला भाग लष्कराच्या गोळाबारीच्या सरावाचा, त्यामुळे सराव असला की रस्ता बंद. आदल्या दिवशी विचारून घ्या. एका पाहुण्यांनी न विचारता आग्रह धरला होता, आम्ही धक्क्यावर बसून थर्मासमधला चहा संपवला आणि परत आलो.

नॉर्थ रोनाल्डसेला छोट्या विमानानं जाता येतं. मनोऱ्याला १७६ पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. तिथल्या मेंढ्या समुद्रशेवाळ खातात, बेटाभोवतीच्या दगडी बांधाबाहेर किनाऱ्यावरच त्यांना ठेवलेलं असतं. मुलांना दीपगृहापेक्षा त्याच आवडतात.

सम्बर्ग हेड हे १८२१ चं, शेटलंडमधलं पहिलं. मे ते जुलै कड्यावर पफिन पक्षी हातभर अंतरावर दिसतात.

जूनमध्ये येतोय, रात्री दिवा फिरताना दिसेल ना?

इथेच सगळे फसतात. जूनच्या शेवटी शेटलंडमध्ये सूर्य रात्री साडेदहाला मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. मधली रात्रही पुरती काळी होत नाही, दुधात शाई पडल्यासारखी राहते. शेटलंडचे लोक तिला सिमर डिम म्हणतात. दिवा लागतो, पण फिकट दिसतो. पफिन हवेत तर जून, झोत हवा तर सप्टेंबरच्या शेवटी या. रजा दोन्ही वेळा मिळत नसेल तर सप्टेंबरच धरा.

डनेट हेडला वाहनतळावर गाडीतच बसायचं, दिवे मालवायचे, मोबाइल उलटा ठेवायचा. पूर्वेला समुद्रात दूरवर ठिपका दिसला की मनात मोजायला लागा. लागोपाठ तीन चमका, मग काळोख, आणि तिशीच्या आसपास पुन्हा तीन. तो पेंटलंड स्केरीज.